दहावी झाली. आता कॉन्व्हेंटमध्येच ठेवायचं की डमी? (बडोदा)

कोठीवाली
नमस्कार मंडळी. लेकीचा दहावीचा निकाल लागला. गुजरात बोर्ड, इंग्रजी माध्यम, ज्युनिअर केजीपासून एकाच कॉन्व्हेंटमध्ये, फक्त मुलींची शाळा. मार्क चांगले आहेत. किती ते सांगत नाही, तिने बजावलंय. अकरावी सायन्स, बी ग्रुप (बायोलॉजीवाला), इथपर्यंत घरात एकमत आहे. पुढे घोडं अडलंय.

यांचं म्हणणं, आता कॉन्व्हेंट पुरे. सकाळी सातला घर सोडायचं, दीडला परत, जेवून ट्युशन, मग नीटचा (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा) अभ्यास करायचा कधी? क्लासवाल्यांनीच एक 'डमी' शाळा सुचवलीय. तिथे नाव घालायचं, जायचं नाही, परीक्षेपुरतं बसायचं. लेक म्हणते मी शाळा सोडणार नाही. कारण विचारलं तर आधी म्हणाली 'मैत्रिणी', मग रडली, मग म्हणाली 'लॅब'. मैत्रिणींपायी दोन वर्षं घालवायची का, असं हे विचारतात.

मी स्वतः मराठी माध्यमातली. कॉन्व्हेंटच्या आतलं मला पालकसभेपुरतंच ठाऊक. ज्या स्वतः अशा शाळेत अकरावी-बारावीला होत्या, किंवा ज्यांच्या मुली होत्या, त्यांनी सांगा. शुक्रवारपर्यंत फॉर्म द्यायचाय.

सेवउसळ
पहिला!
डमी म्हणजे कपड्याच्या दुकानाबाहेर उभी करतात ती ना? मग बरंय, युनिफॉर्म तिलाच घाला.

हिशेबी_मामा
विनोद नंतर. ताई, मी मुलासाठी हेच केलं आणि मला पश्चात्ताप नाही. सरळ हिशेब मांडतो. नीटला १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० मार्क. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट, आणि चुकलं की एक मार्क वजा. ही सवय रोज सहा तास बाकावर बसून लागत नाही. ती पेपर सोडवून सोडवून लागते. बारावीला खुल्या वर्गातल्या मुलाला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून ५० टक्के पडले की नीटपुरतं बोर्डाचं काम संपलं. मग ९० टक्क्यांसाठी सुंदर अक्षरात उत्तरं लिहीत कशाला बसायचं? शाळेवर माझा राग नाही. पण शाळा एका परीक्षेची तयारी करून घेते आणि मुलगी बसणार दुसऱ्याच परीक्षेला.

ब्राऊन_रिंग
मामा, तुमचं गणित बरोबर आहे, तरी मी विरुद्ध बोलणार.

मी मुलींच्या कॉन्व्हेंटमधून बारावी केली, पुढे एमबीबीएस बडोद्यातच. माझं नाव ज्याच्यावरून घेतलंय तो नायट्रेट ओळखायचा प्रयोग. फेरस सल्फेटचं द्रावण ताजंच करायचं, शिळं चालत नाही. मग परीक्षानळी तिरपी धरून कडेकडेने सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं, थेंब थेंब. दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं दिसतं. आमच्या टीचर मागे उभ्या राहायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "हललीस की गेली." माझं कडं पहिल्या तीन वेळा गेलं. चौथ्या वेळी आलं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुली बघायला धावल्या आणि त्यांच्या धक्क्याने तेही गेलं.

आता मेडिकलच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. हिस्टॉलॉजीचा (शरीरातल्या ऊतींच्या अभ्यासाचा) तास, समोर सूक्ष्मदर्शक. माझ्या बॅचमध्ये रँकने माझ्या कितीतरी पुढे असलेली मुलं होती, पण हाय पॉवरची लेन्स खाली आणताना काचेची स्लाइड तडकवणारीही तीच. त्यांनी सूक्ष्मदर्शकाचं चित्र शंभरदा पाहिलं होतं, हात कधी लावला नव्हता. शिकली सगळी, दोन-तीन महिन्यांत. त्याने कोणी वाईट डॉक्टर झालं असंही नाही. पण ते दोन-तीन महिने ती घाबरलेली होती आणि मी नव्हते, हा फरक मी डोळ्यांनी पाहिला.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर खोटं होईल. शाळेने मला प्रवेशपरीक्षेसाठी तयार केलं नाही. संध्याकाळी क्लास होताच. अकरावीच्या डिसेंबरात मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या तासाला दुसऱ्या बाकावर, टीचरच्या नाकासमोर, झोपले होते.

सेवउसळ
टीचरनी काय केलं मग?

ब्राऊन_रिंग
काही नाही. तास संपल्यावर वही मागितली आणि फळ्यावरची राहिलेली अभिक्रिया स्वतःच्या अक्षरात उतरवून परत दिली. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सेमिस्टर_बॅच
आमची पिढी विसरू नका हो. २०११ मध्ये सायन्सला सेमिस्टर आली, आम्ही त्यातले गिनीपिग. अकरावी-बारावी मिळून चार परीक्षा, काही भाग ओएमआर शीटवर गोळे भरायचा, काही लिहायचा. पुढे बोर्डाने सगळं गुंडाळून जुनंच परत आणलं. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचंही तसंच: मध्येच देशभराची जेईई धरू लागले, मग पुन्हा राज्याच्या गुजसेट परीक्षेवर आले. माझा मुद्दा एवढाच की परीक्षेचे नियम दर तीन वर्षांनी बदलतात. नियमासाठी शाळा बदलली आणि नियमच बदलला तर काय करणार?

बाकी कॉन्व्हेंटबद्दल: आमच्याकडे गोळे कसे भरायचे याचाही तास झाला होता. सिस्टर स्वतः एचबी पेन्सिल घेऊन.

वाघोडिया_नाका
मला डमीबद्दल काही म्हणायचं नाही, कॉन्व्हेंटबद्दलच म्हणायचंय. मी शिकले त्या शाळेत (बडोद्यातली नाही, नावही नको) मराठी-हिंदी बोललं की दोन रुपये दंड होता. मी आणि माझी बहीण एकाच बसने जायचो, बसमध्येही मॉनिटर लक्ष ठेवून. एका आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून चौदा रुपये भरले. आईने बाबांना सांगितलं, "पोरी खर्चिक झाल्यात." आज माझं इंग्रजी चांगलंय, मान्य. पण आजीचं पत्र मला वाचता यायचं नाही, बहीण वाचून दाखवायची, तीही अडखळत. बडोद्यात मराठी शाळांचे वर्ग ओस पडतायत आणि आपण धागे काढतोय कॉन्व्हेंटचे.

विश्वामित्री_काठ
वाघोडियाताई, दंड चूकच. पण बडोद्यातल्या माणसाने इंग्रजीला आणि मुलींच्या शाळेला परकं म्हणू नये. सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आधी १८९३ साली अमरेली भागात करून पाहिलं, मग १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. मुलींनाही. पोर शाळेत नाही आलं तर बापाला दंड. म्हणजे आपल्याकडे दंड शाळेत *न* जाण्याचा होता, मराठी बोलण्याचा नव्हता. :)

महाराणी चिमणाबाईसाहेबांनी १९११ मध्ये भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर पुस्तक लिहिलं, तेही इंग्रजीतच. १९२७ ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, पहिल्या अध्यक्षा त्याच. मग १९४९ ला आपली एम. एस. युनिव्हर्सिटी झाली, शिकवणं इंग्रजीतून, आणि पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. मानवाधिकारांच्या जाहीरनाम्यात 'ऑल मेन' काढून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' घालायला लावणाऱ्या त्याच हंसाबेन.

सेवउसळ
विश्वामित्रीकाका आले म्हणजे धागा आता कलाभवनपर्यंत जाणार. घड्याळ लावतो.

विश्वामित्री_काठ
कलाभवन १८९० चं, महाराजांचीच तंत्रशाळा. फाळके तिथे शिकले. झालं समाधान?

नवलखी_मैदान
मधेच विचारते, सॉरी. माझी धाकटी पुढल्या वर्षी पहिलीत. आरटीईच्या (शिक्षणहक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून कॉन्व्हेंट मिळेल का? उत्पन्नाच्या मर्यादेत बसतो आम्ही.

कलम_तीस
बहुधा नाही. अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांना ते २५ टक्के लागू नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये प्रमती खटल्यात स्पष्ट केलं. कॉन्व्हेंट साधारण त्यातच येतात. दुसऱ्या खाजगी शाळांत अर्ज करा. आणि १ जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत, तारीख आधी बघा.

गंमत म्हणजे या विषयातला एक फार मोठा निकाल गुजरातचाच आहे. अहमदाबाद सेंट झेवियर्स कॉलेज विरुद्ध गुजरात राज्य, १९७४, नऊ न्यायमूर्तींचं पीठ. संस्था कशी चालवायची यात सरकारने किती हात घालायचा, यावरचा. अजून प्रत्येक वकील तोच काढतो.

नवलखी_मैदान
धन्यवाद दादा. सहा पूर्ण व्हायला बारा दिवस कमी पडतायत. 😐

मांडवीचा_जावई
अवांतर: ख्रिस्ती शाळेत मुलींना धर्म शिकवतात का? आमच्या सासूबाईंना हीच एक शंका आहे.

खडूफळा
सासूबाईंना सांगा, मी अठ्ठावीस वर्षं मुलींच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं आणि माझ्या देवघरातला गणपती अजून जागेवर आहे.

नीट सांगते. कॅथलिक मुलींचा धर्मशिक्षणाचा तास वेगळा असतो. त्या वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स, म्हणजे खोटं बोलू नये, रांगेत घुसू नये वगैरे. सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण देता येत नाही, हे घटनेतच आहे, कलम २८. सकाळच्या प्रार्थनेला मात्र सगळ्या उभ्या राहतात, आणि ती चाल जन्मभर सुटत नाही हे खरं.

आणखी एक गैरसमज. लोकांना वाटतं तिथे सगळीकडे सिस्टरच शिकवतात. आमच्याकडे स्टाफरूममध्ये सिस्टर चार-पाच, बाकी आम्ही जोशी, पटेल, शहा, मॅकवान. गुजराती शाळेत 'बेन', मराठी शाळेत 'बाई', आणि आमच्याकडे 'टीचर'. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, मंगळबाजारात कोणी मागून "टीचर" म्हटलं की अजून वळून बघते.

आता कोठीवाली, तुमच्या प्रश्नावर. मी दहावीला इंग्रजी शिकवायचे, अकरावी-बारावीचा भार थोडा. तरी सांगते. अकरावीत जाताना दरवर्षी वर्गाचा तिसरा हिस्सा दाखले घेऊन जायचा. जूनमध्ये हजेरी घेताना ते कळायचं. नावं गेलेली असायची पण रोल नंबर तोंडात बसलेले. त्या मुलींपैकी काहींचं फार छान झालं. पेढे घेऊन आल्या. मग मी विचारायचे, "आणि दिवसभर काय करायचीस गं?" उत्तर एकच, "एकटीच असायचे, टीचर."

मुलींच्या शाळेत एक होतं जे मला तिथे असताना दिसलं नाही, सुटल्यावर दिसलं. विज्ञान प्रदर्शनाला टेबलं कोण उचलणार? मुलीच. माइकची वायर कोण जोडणार? मुलीच. प्रयोगशाळेतला फ्यूज उडाला तर पट्टेवाला येईपर्यंत त्यातलीच एक स्टुलावर चढायची आणि मी खाली स्टूल धरून "अगं पडशील" म्हणायचे. 'हे तुमचं काम नाही' असं सांगायला कोणी नसायचंच वर्गात.

उत्तरपत्रिका दाखवायचा दिवस पण सांगायला हवा. बोर्डाच्या पेपरात ८० मार्क, २० शाळेचे. या २० वर पालक भांडायला यायचे, दीड मार्कासाठी. आणि मुली? त्या माझ्या लाल शेऱ्यावर भांडायच्या. "टीचर, हे वाक्य का खोडलं? चूक कुठे आहे?" कधीकधी चूक माझीच असायची.

ब्राऊन_रिंग
टीचर, तुम्ही... दहावी ब ला होता का? निबंधाखाली "वन आयडिया पर पॅराग्राफ, चाइल्ड" लिहायच्या?

खडूफळा
हो. आणि तुझ्या वरच्या पहिल्याच पोस्टमध्ये एका परिच्छेदात चार आयडिया आहेत.

सेवउसळ
😂😂😂 धागा इथेच वसूल.

कलाभवन_७वी_रो
खडूफळा टीचरांशी एक मतभेद, आदराने. मीही मुलींच्या शाळेतलीच. शाळेत स्टुलावर चढणारी मीच होते. मग इंजिनीअरिंगला गेले, वर्गात साठ मुलगे आणि आम्ही सात. पहिलं वर्षभर मी तोंड उघडलं नाही. मुलग्यांसमोर चुकीचं बोलायची सवयच नव्हती. मैत्रिणींसमोर चुकणं सोपं असतं. ते बारा वर्षांचं संरक्षण एका जुलैमध्ये निघून गेलं. तेव्हा फक्त मुलींच्या शाळेचं कौतुक करताना हेही धरा. वर्कशॉपमध्ये मात्र फायलिंगचा (कानशीने धातू घासायचा) जॉब माझाच पहिला पास झाला होता, तो स्टुलाचा फायदा.

आग्रा_ते_बडोदा
माझं शिक्षण जीझस अँड मेरीच्या सिस्टरांकडे. म्हणून थोडं त्यांच्या मूळ बाईंबद्दल, कारण 'लॅब की परीक्षा' या वादाशी त्याचा संबंध आहे असं मला वाटतं.

क्लोदीन तेवने, फ्रान्समधल्या लियाँ शहरातली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, जानेवारी १७९४ ला तिच्या दोन भावांना गोळ्या घातल्या. तिने शेवटी त्यांना पाहिलं. भावांचा निरोप होता, आम्ही माफ केलं तसं तू कर. पुढे ती रस्त्यावरच्या अनाथ मुलींना जमवू लागली आणि १८१८ मध्ये संघ उभा राहिला. लियाँ म्हणजे रेशमाचं गाव. तिने मुलींना आधी काय दिलं तर रेशमाचे माग. वाचन, लेखन, प्रार्थना होतंच, पण पोट भरेल असं काम हातात हवं यावर ती अडून होती. १८४२ ला त्या सिस्टर हिंदुस्थानात आल्या, पहिला मुक्काम आग्रा. १९९३ मध्ये पोप जॉन पॉल यांनी क्लोदीनला संत घोषित केलं, आमच्या शाळेत त्या दिवशी लाडू होते. हो, लाडूच, केक नाही.

विश्वामित्री_काठ
आमच्या चिमणाबाई उद्योगालयाचीच कल्पना की. बाईला हुनर द्या. आईचा पहिला शिवणाचा डिप्लोमा तिथलाच.

हिशेबी_मामा
इतिहास छान. पण रेशमाचा माग तेव्हा पोट भरत होता म्हणून दिला. आज पोट नीटने भरतं. त्या बाई आज असत्या तर त्यांनी टेस्ट सिरीजच दिली असती.

आग्रा_ते_बडोदा
मामा, 😄 हे आमच्या सिस्टरांना ऐकवायला हवं. त्या नाही म्हणाल्या नसत्या, पण तुम्हाला शिक्षा म्हणून सगळ्या टेस्ट तपासायला बसवलं असतं.

गरबो_रमवा_जाऊं
कोणी नवरात्रीबद्दल का नाही बोलत? अकरावीचा खरा प्रश्न तो. रात्री साडेबाराला घरी, सकाळी सव्वासातला असेंब्ली. २०१८ ला सरकारने नवरात्रीची सुट्टी दिली होती, पुढच्या वर्षी काढून घेतली. डमी घेतली तर निदान झोप तरी होईल.

सेवउसळ
हा पहिला ठोस मुद्दा.

खडूफळा
नवरात्रात आम्ही पहिल्या तासाला कधीच नवा धडा घ्यायचो नाही. आणि शाळेच्या गरब्यात आमच्या एक केरळच्या सिस्टर इतकं सुंदर दोन ताली करायच्या की मुली टाळ्या वाजवायला विसरायच्या.

कलम_तीस
मूळ विषयावर, एक कोरडी सूचना. सीबीएसईमध्ये ७५ टक्के हजेरी लागते आणि त्यांनी मार्च २०२४ मध्ये वीस शाळांची मान्यता काढली, त्यात डमी विद्यार्थी हेही कारण होतं. तुमचं बोर्ड गुजरातचं. तरी क्लासवाल्याने सुचवलेली शाळा कोणत्या बोर्डाची, हजेरीचं काय, प्रॅक्टिकल कोण घेणार, हे लेखी विचारा. तोंडी 'हो जाएगा' वर विश्वास ठेवू नका.

वाघोडिया_नाका
+१. 'थई जशे' हा बडोद्यातला सगळ्यात महाग शब्द आहे.

कोठीवाली
सगळ्यांचे आभार. काल कलमदादांचं ऐकून आम्ही दोघं ती सुचवलेली शाळा बघून आलो. लेकीलाही नेलं. ऑफिसात एक सद्गृहस्थ होते, फार नम्र. चहा दिला. लेकीने विचारलं, "अंकल, लॅब दाखवाल?" ते म्हणाले, "बेटा, लॅबचं कशाला टेन्शन घेतेस, ते आम्ही बघून घेऊ." ती म्हणाली, "नाही, मला बघायचीय." चावी सापडली नाही.

हे गप्प. रिक्षात कोणी बोललं नाही. न्यायमंदिरापाशी आलो तेव्हा हे म्हणाले, "चावी खरंच हरवली असेल." लेक हसली, मग हेही हसले.

रात्री बोलणी झाली. लेकीने कागदावर वेळापत्रक काढून आणलं, कंपासपेटीतली पट्टी लावून. शाळा दीडपर्यंत, क्लास चार ते सात, रविवारी टेस्ट. मामा, तुमची १८० मिनिटं तिने रविवारी घातलीयत, तुमचं नाव घेऊन. झोप साडेसहा तास दाखवलीय, ती मला कमी वाटते, पण तो रकाना तिने हिरव्या पेनाने रंगवलाय म्हणून मी काही म्हटलं नाही. यांनी अट घातली: सहामाहीला क्लासच्या टेस्टमध्ये मागे पडली तर पुन्हा बसून बोलायचं. तिने "बोलायचं" या शब्दाखाली रेघ मारली. फॉर्म आज दिला, कॉन्व्हेंटचाच.

हिशेबी_मामा
हरलो असं म्हणणार नाही. सहामाहीनंतर धागा वर काढा. रविवारचा पेपर सकाळी नको, दुपारी दोन ते पाच द्यायला सांगा. खरी परीक्षा त्याच वेळी असते, जेवल्यावर झोप येते त्याची सवय हवी.

ब्राऊन_रिंग
मामा, हे अगदी बरोबर. आणि कोठीवालीकाकू, तिला सांगा, फेरस सल्फेट ताजं.

कोठीवाली
सांगते. आता शेवटचं, बायकांना विचारते: अकरावीला गणवेश बदलतो, सलवार-कमीज आहे. शाळेने कापडाचा नमुना दिलाय, फिका निळा चौकडा. तयार घेतलेला हिच्या खांद्याला होत नाही. रावपुऱ्यात किंवा मांडवीत दहा जूनच्या आत शिवून देईल असा शिंपी आहे का कोणी?

सेवउसळ
आहे की. विचारलं तर म्हणेल, "थई जशे."